आता लेकीला उन्हात जा म्हणा

*"आम्ही चोपडा तालुक्यातले, घरची केळी आहे. माझी लेक ऑगस्टमध्ये नोकरीसाठी स्टॉकहोमला गेली. पहिले दोन महिने रोज व्हिडिओवर रस्ते, झाडं, पाणी दाखवायची, हसायची. दिवाळीला तिनं खिडकीत आकाशकंदीलसुद्धा लावला. त्यानंतर मात्र फोनवर वेगळीच मुलगी बोलते आहे असं वाटतं. आमची जेवणं आटोपली की रात्री साडेनऊला आम्ही फोन करतो. ती दिवा न लावता पांघरुणात बसलेली असते. काय झालं विचारलं तर म्हणते, 'माय, आठे तीन वाजताच रात व्हई जास' (इथे तीनलाच रात्र होते). रविवारी दुपारपर्यंत झोपते. स्वयंपाक करत नाही, ब्रेड आणि चॉकलेटवर दिवस काढते. कामावर जाते, पण कोणाशी बोलावंसं वाटत नाही म्हणते. तिचे वडील म्हणतात, पैसे गेले तर गेले, परत बोलवा. जाऊबाई म्हणतात, लग्न उरकून टाका, सगळं ठीक होईल. एवढी धीट पोर अंधाराला घाबरली कशी? तिला परत बोलवू का? आणि तोवर इथून काय काय पाठवू?"* — एक आई

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि कागद घेऊन आधी तासांचा हिशेब मांडला, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. लेक ऑगस्टमध्ये गेली तेव्हा तिच्या आणि तुमच्या घड्याळात साडेतीन तासांचं अंतर होतं. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिचे संध्याकाळचे सहा. ऑगस्टात सहा वाजता स्टॉकहोममध्ये चांगलं ऊन असतं. म्हणून ती तुम्हाला झाडं दाखवत होती, पाणी दाखवत होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे घेतात. अंतर साडेचार तासांचं होतं. आता तुमचे साडेनऊ म्हणजे तिचे पाच, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे साडेतीनच्या आत सूर्य बुडालेला असतो. तुम्ही फोन लावता तेव्हा ती कामावरून थकून, अंधारातून चालत येऊन नुकतीच घरात टेकलेली असते. दिवसातली तिची सगळ्यात पडती वेळ रोज नेमकी तुमच्या वाट्याला येते. तीच वेळ बघून तुम्ही तिच्या चोवीस तासांचा अंदाज बांधताय, आणि मग तुम्हाला रात्रभर झोप लागत नसणार.

म्हणजे तिला काहीच झालेलं नाही असं मी म्हणत नाही. तिला त्रास होतोय आणि तो खरा आहे. त्या त्रासाला तुम्ही 'घाबरली' म्हणू नका, एवढंच आधी सांगते. २००५ ते २०११ अशी सहा वर्षं मी यजमानांच्या नोकरीमुळे स्वीडनमध्येच, गोथेनबर्गला काढली. मीही जळगावची, चाळिशीच्या आतली, चांगली धट्टीकट्टी होते. पहिल्या नोव्हेंबरात मी दुपारी तीनला अंथरूण घालत असे.

आपल्या जळगाव-चोपड्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवस पावणेअकरा तासांचा, सगळ्यात मोठा साडेतेरा तासांच्या आतबाहेर. अडीच-पावणेतीन तासांचा फरक, तोही हळूहळू पडणारा. आपल्याला तो अंगाला कळतही नाही, पंचांगात वाचावा लागतो. स्टॉकहोममध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पहाटे साडेतीनला उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. डिसेंबरात तोच सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीन वाजायच्या आत जातो. सहा तासांचा दिवस. तोही ढग नसले तर. भर दुपारी बारालासुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही. हात लांब करून क्षितिजावर मूठ धरली, तर तिथला डिसेंबरचा सूर्य त्या मुठीच्या वर येत नाही, घरांच्या मागून मागूनच सरकतो. त्यामुळे कोवळं ऊन, कडक ऊन हा फरकच उरत नाही. दिवसभर आपली सकाळची सात वाजल्यासारखी वेळ आणि मग एकदम रात्र.

शरीरात एक घड्याळ असतं आणि त्याला रोज सकाळी डोळ्यांवाटे उजेडाची किल्ली द्यावी लागते. उजेड पडला की झोप आणणारा मेलाटोनिन नावाचा स्राव शरीर आवरतं घेतं. किल्ली मिळाली नाही की ते घड्याळ रेंगाळतं. माणूस उठतो, कामाला जातो, पण आतून अजून पहाटच असते. मग झोप पुरत नाही, गोड आणि मैद्याचं खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. तुमच्या लेकीचं चॉकलेट आणि ब्रेड आळसातून आलेलं नाही. हिवाळ्यातल्या या उदासीचं हे जुनं ओळखीचं लक्षण आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. सगळ्यांनाच ते पुरतं होतं असं नाही. पण त्याची सौम्य छाया तिकडे जन्मलेल्या माणसांवरही पडते. नोव्हेंबरात तिथले लोकही ट्राममध्ये मान खाली घालून बसलेले मी बघितलेत.

आता जे सांगायचं म्हणून मी एवढं लिहायला बसले, ते सांगते. आपण खान्देशातल्या बायका मुलांना एक वाक्य लहानपणापासून ऐकवतो: 'ऊन लागेल, आत ये.' आणि ते बरोबरच आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. सकाळी अकरानंतर गल्ल्या ओस पडतात, खिडक्या लावून घेतो, कूलरचे वाळे ओले करतो, बाहेर जायचंच झालं तर डोक्याला रुमाल आणि खिशात कांदा. शेतातली माणसं पहाटे जातात, उन्हं चढायच्या आत परततात. दुपार आपण उन्हाला देऊन टाकतो आणि सकाळ-संध्याकाळ आपली करतो. त्यावर मुलींना आणखी एक वाक्य ऐकावं लागतं, 'काळी होशील.' वीस-बावीस वर्षं हे दोन्ही ऐकलेली पोर कुठेही गेली तरी दुपारी घरात थांबते. बाहेर बरं नसेल तर आत राहायचं, हे तिच्या हाडीमाशी गेलंय. इथे त्यानं जीव वाचतो. स्टॉकहोमला त्याच सवयीनं ती आजारी पडेल. तिथे दुपार हीच कमाईची वेळ, आणि ती कामाच्या चार भिंतींत बसून घालवते. सकाळी अंधारात निघते, संध्याकाळी अंधारात येते. आठवड्यात पाच दिवस तिच्या डोळ्यांवर खरा उजेड पडतच नसेल. रविवारी तेवढी संधी असते, तर रविवारी ती झोपते.

म्हणून तुमचं जुनं वाक्य आता तुम्हीच मागे घ्या. 'पोरी, ऊन असो नसो, दुपारी बाहेर जा' हे तिला आईच्या तोंडून ऐकू येऊ द्या. डॉक्टर, पुस्तकं, मैत्रिणी हेच सांगतील, पण आत बोलावणारा आवाज तुमचा होता. बाहेर धाडणाराही तुमचाच असला तर तिला ते लागेल.

हे करायची सोपी वाट फोन. रात्रीचा फोन आठवड्यातून एक-दोनदाच ठेवा. रोजचा फोन दुपारी साडेचारला करा. तेव्हा तिचे बारा वाजलेले असतात, तिच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. आणि एक अट घाला: कोट-बूट चढवून इमारतीच्या बाहेर आलीस, की मगच फोन उचलायचा. पंधरा-वीस मिनिटं ती चालत बोलेल, तुम्ही अंगणात बसून बोला. ढग असले तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, डोळ्यांना तो जाणवत नाही एवढंच. तिच्या वडिलांनाही यात घ्या. ते त्या वेळी बागेत असतात ना? मग त्यांनी बागेतूनच लावावा. 'तू परत ये' हे ते काळजीपोटी म्हणतात, हे मला कळतं. पण रोज वीस मिनिटं लेकीला चालवायचं काम हातात आलं, की त्यांची काळजी कुठेतरी उपयोगाला येईल.

माझं सांगते. गोथेनबर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. पहिल्या नोव्हेंबरात एकदा त्या दाराशी आल्या. माझं स्वीडिश तेव्हा आभार आणि नमस्कारापुरतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे टांगलेल्या कोटाकडे बोट दाखवलं. मी कोट घातला तर त्यांनी स्वतःच्या खिशातून एक दोरी लावलेली पांढरी चकती काढली आणि माझ्या कोटाच्या खालच्या काठाला सेफ्टी पिननं अडकवली. पावसाळी अंधार होता, दुपारचे साडेतीन असतील. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. गाडी आली, तिच्या दिव्यात माझी चकती लख्कन चमकली. आजींनी स्वतःच्या चकतीकडे बोट दाखवलं, तीही चमकत होती. मग आम्ही दोघी बंदरापर्यंत चालत गेलो आणि आलो. त्या दिवसानंतर आठवड्यातून तीन दिवस त्या दार वाजवायच्या. आम्ही फारसं बोलत नव्हतो. मला त्या हिवाळ्यातून त्या चालण्यानं काढलं, ताई, दुसऱ्या कशानंही नाही. ती चकती माझ्याकडे अजून आहे, शिवणाच्या डब्यात.

तिकडे त्या चकतीला रिफ्लेक्स म्हणतात, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे लावतात, नाहीतर गडद कोटातलं माणूस गाडीवाल्याला दिसतच नाही. लेकीकडे नसेल तर तिला आजच घ्यायला सांगा. 'वाईट हवा असं काही नसतं, कपडे चुकीचे असतात' ही तिकडची म्हण आहे, तीही तिला आठवून द्या. आपण सुती घालून वर एक जाड स्वेटर चढवतो, ते तिथे चालत नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम थंड होऊन अंगाला झोंबतो. अंगालगत पातळ लोकरीचं, मध्ये ऊब धरणारं, वरून वारा-पाऊस अडवणारं, अशा तीन थरांत सगळं बसतं. जानेवारीत रस्त्यावर बर्फ पडून दाबला गेला की काचेसारखा होतो. तेव्हा बुटाखाली अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते घ्यावेत. घसरून मनगट मोडलेली आपली एक मुलगी मी स्वतः दवाखान्यात नेली आहे.

दिव्याबद्दलही सांगते, कारण लेकीनं आकाशकंदील लावला हे वाचून मला फार बरं वाटलं. तो तिला उतरवू देऊ नका. नोव्हेंबरच्या शेवटाशी त्यांच्या नाताळाआधीचे चार रविवार सुरू होतात, आणि घरोघरी खिडकीत कागदाचे तारे आणि सात दिव्यांच्या कमानी लागतात. १३ डिसेंबरला लुसियाचा दिवस. पोरी पांढरे झगे घालून, पुढची एक डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट धरून, पहाटेच्या अंधारात गात येतात, शाळांमध्ये, दवाखान्यांमध्ये, कामाच्या ठिकाणीही. तिचा कंदील त्या रांगेत शोभून दिसेल. तिच्या कचेरीत लुसिया असेल तर 'मला काय त्याचं' म्हणून घरी न राहता तिनं जावं. त्या लोकांनी शेकडो वर्षं हा अंधार सोसून त्यावर काढलेला तोडगा आहे तो.

उजेडाचे खास दिवेही मिळतात, दहा हजार लक्स (उजेड मोजायचं माप) क्षमतेचे. सकाळी उठल्यावर वीस-तीस मिनिटं असा दिवा समोर थोडा बाजूला ठेवून चहा प्यायचा, वाचायचं. त्यानं बऱ्याच जणांना फरक पडतो. डोळ्यांचं काही दुखणं असेल, किंवा मन कधी फार उसळतं, कधी फार बसतं असा त्रास पूर्वी झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. व्हिटॅमिन डीचंही तसंच. तिकडे साधारण ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका तिरपा असतो की कातडीला त्यातून ते जीवनसत्त्व बनवताच येत नाही. आपल्या सावळ्या कातडीला तर उन्हाळ्यातही गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागतं. तिथे दुधात ते मिसळलेलं असतं, पण तेवढ्यावर विसंबू नये. रक्त तपासून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण घ्यावं. आपल्याकडे मिळणाऱ्या साठ हजार युनिटच्या पुड्या तुम्ही आपल्या मनानं कुरिअर करू नका. जास्त झालं तर तेही बाधतं.

आता जिथे तुम्ही कान टवकारून ऐकायचं, तो भाग. कामावर जाते आहे, आंघोळ-कपडे नीट आहेत, दुपारच्या फोनला थोडी तरी खुलते, कधी जुनी गोष्ट निघाली की हसते, तर ही ऋतूची छाया आहे असं धरून चाला. पण दोन आठवडे सलग मन उठतच नाही, काम बुडायला लागलं, जेवण किंवा झोप पार बिघडली, 'मी असले काय, नसले काय' अशा अर्थाचं काही बोलली, तर वाट बघू नका. तिथे ११७७ हा आरोग्य सल्ल्याचा फोन आहे, आकडा नीट लिहून घ्या. त्यावर परिचारिका ऐकून घेतात आणि कुठे जायचं ते सांगतात. जिवाला धोका वाटला तर ११२. मरणाबद्दल विचारलं तर तिच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल, अशी भीती आयांना वाटते. तसं होत नाही. सरळ विचारा, 'जीव नकोसा वाटतो का गं?' विचारल्यानं माणूस मोकळं होतं. आणि तुमच्यासाठीही सांगते, रात्र रात्र झोप लागत नसेल, तर आपल्याकडे टेलिमानस नावाची सरकारी मदत आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं. लेकीची आई म्हणून लावायलाही हरकत नाही.

परत बोलवू का, हे तुम्ही विचारलंत. माझं मत: या महिन्यात नको. तुम्ही केळीवाले आहात, तर तुमच्याच भाषेत सांगते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की बागेवर चरका पडतो. पोंगा अडकतो, पानं पिवळट होतात, घड बाहेर यायला कुंथतो. तेव्हा तुम्ही काय करता? रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडता, बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर करता, वाऱ्याच्या बाजूला गवताचं कुंपण आधीच लावलेलं असतं, घडाला पिशवी घालता. बाग कुणी उपटत नाही. महाशिवरात्र ओलांडली की तीच बाग पुन्हा पान टाकायला लागते. लेकीनं स्वतः 'मला यायचंय' म्हटलं तर दार उघडं आहे हे तिला स्पष्ट सांगा, आणि त्यावर टोमणा कधी मारणार नाही हेही सांगा. पण नोव्हेंबरच्या पाच वाजताच्या अंधारात घेतलेला निर्णय मार्चच्या उजेडात माणसाला खातो. मी बघितलंय.

त्याऐवजी तिला सुट्टी काढून फेब्रुवारीत तीन आठवडे यायला सांगा. स्वीडनच्या कायद्यानं वर्षाला २५ दिवसांची रजा मिळते. पहिल्या वर्षी त्यातली किती पगारी, हे तिनं कामावर विचारून घ्यावं. डिसेंबरात लोकांना सणाचा आधार असतो. जानेवारी संपता संपता तारे उतरलेले असतात, बर्फ काळा झालेला असतो आणि अंगातलं बळ संपलेलं असतं. नेमकं तेव्हा घरी येणं औषधासारखं लागतं. तिकीट आत्ताच काढा. तारीख ठरली की ती भिंतीवर लिहील आणि दिवस मोजायला हाताशी काहीतरी येईल. फेब्रुवारीत आपल्याकडे भरिताची वांगीही मिळतात, पऱ्हाट्यांवर भाजता येतात, आणि सकाळी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसता येतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली पाहिजे असा तुमचा हट्ट असेल, पण यंदा तो सोडा. तेव्हा तिच्याकडे वसंत फुललेला असेल आणि इथे पंचेचाळीस डिग्री.

लग्नाबद्दल एकच वाक्य: उजेड कमी पडतो म्हणून लग्न करायचं नसतं, जाऊबाईंना तेवढं प्रेमानं सांगा.

पाठवायचं म्हणाल तर तूप, पेढे, खवा काही पाठवू नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, वाटेत काढून टाकतात. ताजी वांगी, कढीपत्ताही नको. काळा मसाला, लसणाची सुकी चटणी, उन्हाळ्यात केलेले बिबडे आणि कुरडया, कळण्याचं पीठ, एवढं नीट बांधून, डब्यावर नावं लिहून पाठवा. पण सामान पाठवलं की काम झालं असं नको. तिला सांगा, रविवारी अकराला उठून ओव्हनमध्ये वांगी भाजायची आणि कामावरच्या एखाद्या मुलीला जेवायला बोलवायचं, मग ती इटलीची असो की इथिओपियाची. तिकडे बाहेरून आलेली कितीतरी पोरं या महिन्यात खोल्यांमध्ये एकेकटी बसलेली असतात, आणि कुणीतरी दार वाजवावं याची वाट बघतात. पहिल्यांदा तुमच्या लेकीनं वाजवावं. भांडी घासायच्या आळसानं ती टाळेल, तर म्हणावं, भरीत एका कढईत होतं.

आणि पुढचं वर्ष कसं जाईल तेही सांगून ठेवते, म्हणजे दर वळणावर तुमचा जीव खालीवर व्हायला नको. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागतो, पण महिनाभर ते कळत नाही. फेब्रुवारीत रोज पाच मिनिटांच्या आसपास उजेड वाढतो, आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर. तेव्हा तिथली माणसं दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, तोंड उन्हाला देऊन उभी असतात. तुमच्या लेकीचा असा फोटो आला की समजा, ती त्यातून बाहेर निघाली. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे जातील, अंतर साडेतीन तासांचं होईल, तेव्हा दुपारचा फोन साडेतीनला करा. एप्रिलमध्ये एका दिवसात ऊन, पाऊस आणि बर्फ तिन्ही बघून ती वैतागेल. ३० एप्रिलला तिकडे थंडीला निरोप द्यायला होळ्या पेटतात, आपल्यासारख्याच. मे महिन्यात बर्च झाडांच्या परागांनी शिंका येतील, ती सर्दी समजून काढे पिऊ नये. जूनमध्ये उलटा त्रास, रात्री अकरालाही उजेड, झोप लागत नाही. खिडकीला काळे पडदे लागतात, ते ती आधीच आणून ठेवेल तर बरं.

जुलै मात्र लक्षात ठेवा. तेव्हा अख्खा देश सुट्टीवर जातो, सगळे आपापल्या खेड्यातल्या घरांत. ऊन भरपूर, शहर रिकामं. मला माझ्या सहा वर्षांत सगळ्यात एकटं वाटलं ते नोव्हेंबरात नाही, जुलैत. अंधाराला दोष देता येतो, लख्ख उजेडात एकटं बसल्यावर कुणाला देणार? लेकीचा आवाज जुलैत पडला तर 'आता तर ऊन आहे ना' असं म्हणू नका. तेव्हा तुम्ही दोघं तिच्याकडे जायचा विचार करा. केळीची कापणी बघून, जमलं तर महिनाभर. व्हिसाला वेळ लागतो, कागद मार्च-एप्रिलमध्येच सुरू करा.

आज रात्री साडेनऊला फोन लावाल तेव्हा फक्त 'जेवनी का?' एवढं विचारा आणि उद्याची वेळ ठरवा. उद्या साडेचारला लावा. तिनं उचलला की बोलायच्या आधी कान देऊन ऐका, वाऱ्याचा, ट्रामचा, पायाखालच्या खडीचा आवाज येतो का. येत नसेल तर म्हणा, 'माय, आधी बाहेर नीघ, मी थांबते.' आणि फोन न ठेवता थांबा.